ऑर्गनच्या बाजूला बसून

संगीताच्या धंद्यात इंटरनेटने काय उलथापालथ केली, ही गोष्ट मुंबईहून सांगितली की ती आकड्यांची होते: कॅसेटी किती खपत, सीडी कधी बंद पडल्या, कुठल्या गाण्याला किती व्ह्यूज. गोंदिया जिल्ह्यात तीच गोष्ट कानाने ऐकता येते, फक्त जागा नीट निवडावी लागते. अर्जुनी मोरगाव किंवा सडक अर्जुनी तालुक्यातल्या एखाद्या गावची मंडई. हलका धान कापून मोकळ्या झालेल्या बांधीत उभा केलेला मंडप. संध्याकाळभर सिंगाडे आणि ऊस घेऊन फिरलेले लोक रात्री दहानंतर नाटकाला बसतात. रंगमंचाच्या पुढ्यात, नटांकडे तोंड आणि प्रेक्षकांकडे पाठ करून वादक बसतात. नाटक बघायचे तर मधोमध बसावे. ऐकायचे असेल तर ऑर्गनच्या बाजूला, वादकाची बोटे दिसतील इतक्या जवळ.

झाडीपट्टीच्या, अर्थात पूर्व विदर्भातल्या या धानाच्या मुलखाच्या, नाटक कंपन्या बहुतेक शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाच्या, म्हणजे देसाईगंजच्या. हंगाम दिवाळीच्या पाडव्या-भाऊबीजेपासून होळीपर्यंत. ‘तीन अंकी संगीत नाटक’ असे ठळक छापलेल्या पोस्टरवर नटनट्यांच्या नावांखाली ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅड असे लिहून त्यापुढे वादकांची नावे असतात, हे माझ्या मते फार सभ्यपणाचे आहे. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाल्यावर बाहेरच्यांचे लक्ष इथल्या नटांकडे गेले. वादकांकडे ते अजून जायचे आहे.

तर ऑर्गन. बालगंधर्वांच्या काळात पायाने भाता मारायचा ऑर्गन मराठी नाटकात रुजला आणि पदाला भरदार, न तुटणारा सूर मिळाला. आज त्या जागी इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड आहे, पोस्टरवर नाव ऑर्गनचेच. जाणकार म्हणवणारे इथे नाक मुरडतात, कारण कीबोर्डवर ‘ट्रान्सपोज’चे बटण असते. पूर्वी गाणारा काळी एकचा असो की काळी चारचा, वादकाला प्रत्येक स्वरातून बोटे वळवता यावी लागत. आता बटण दाबले की पट्टी बदलते, बोटे तीच राहतात. हुनर गेला, असे म्हणतात. मला तसे वाटत नाही, आणि त्याचे कारण तिसऱ्या अंकात सापडते. पहाटेचे साडेतीन झालेले असतात. नायिकेने सात-आठ गाणी म्हटलेली असतात, काल रात्री दुसऱ्या गावात तितकीच म्हटलेली असतात, आणि आता तिच्या वाट्याला वरच्या गंधारापर्यंत जाणारे विरहगीत येते. समोर विनोदी नटाचा प्रवेश चालू असतो, हशा उसळलेला असतो. त्या हशात ऑर्गनवाल्याच्या डाव्या हाताचे बोट हळूच बटणावर जाते. एक घर खाली. गाणे सुरू होते, गंधार लागतो, शिट्ट्या पडतात. तिला जी मदत मिळाली ती प्रेक्षकांपैकी कुणालाच ऐकू आलेली नसते. ऐकू आली असती तर ती मदत राहिली नसती.

त्याच कीबोर्डच्या डाव्या टोकाला एक चाक असते. पेटीच्या पट्ट्यांवर मींड निघत नाही, दोन स्वरांमधली वाट तिथे बंद असते. हे चाक ती वाट उघडते. नवशिका वादक गाण्यात दर ओळीला ते फिरवतो आणि सूर सारखा घसरल्यासारखा वाटतो. मुरलेला वादक रात्रभर त्याला हात लावत नाही. बापाच्या प्रेताशी मुलगी येते, संवाद संपतो, आणि तेवढ्या एका ठिकाणी कोमल धैवतावरून पंचमावर सूर अलगद उतरतो. त्या उतरणीची वाट सहा तास पाहावी लागते आणि पाहावीशी वाटते.

याच यंत्रात तयार ताल असतात, तेही बटणावर. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात ते सर्रास वाजतात. इथे ते चालत नाहीत, कारण झाडीपट्टीतला नट गाणे मध्येच थांबवतो. समोरून कुणी काही ओरडले की त्याला उत्तर देतो, टाळी घेतो, मग मनाला येईल तेव्हा मुखड्यावर परततो. यंत्राचा ताल कुणासाठी थांबत नाही. वादक मात्र षड्ज-पंचम धरून बसतो, नटाची मान वळण्याकडे लक्ष ठेवतो आणि तो समेवर येणार हे त्याच्याही आधी ओळखतो.

ऑक्टोपॅडबद्दल जरा सविस्तर लिहायला हवे, कारण या मंडळीत सर्वांत जास्त गैरसमज त्याच्याबद्दल आहे. जपानच्या रोलँड कंपनीने १९८५ साली पहिला ऑक्टोपॅड काढला. आठ रबरी चौकोन, आणि स्वतःचा आवाज एकही नाही. दुसऱ्या यंत्राला तारेने जोडून त्याचा आवाज वाजवायचा. पुढे आवाज आतच आले, आणि १९९८चे एसपीडी-२० हे मॉडेल तर भारतभरच्या ऑर्केस्ट्रांत, भजनी मंडळांत आणि मिरवणुकांत जाऊन पोचले. आपल्याकडच्या धुमाल पार्ट्या त्यावर जे करतात त्यावर मी इथे लिहिणार नाही. त्यासाठी आधी कान परत जागेवर यावे लागतात. नाटकात मात्र ऑक्टोपॅडवाल्याकडे दोन कामे असतात: गाण्याला ठेका आणि प्रसंगाला आवाज.

प्रसंगाचा आवाज म्हणजे वीज, बंदूक, दार आणि मुख्यतः थप्पड. झाडीपट्टीच्या नाटकात थपडा भरपूर. नटाचा हात गालापासून वीतभर अलीकडे थांबतो आणि काठी पॅडवर पडते. हात थांबलेला बघून काठी टाकली तर उशीर झालेला असतो, मागच्या रांगेतल्या पोरालाही फसवणूक कळते. चांगला वादक म्हणून हाताकडे पाहत नाही, खांद्याकडे पाहतो. हात उठायच्या आधी खांदा मागे जातो, आणि काठी तेव्हाच निघते. शिवाय पॅडला काठीचा जोर कळतो. एकाच चौकोनावर आई मुलाला मारते आणि सावकार कुळाला मारतो. आईची थप्पड काठीच्या टोकाने, अर्ध्या जोरात, किंचित ओलसर, सावकाराची कोरडी. आवाज यंत्राचा, पण कोण कुणाला मारते आहे हे वादकाच्या मनगटाला ठाऊक असते.

गाण्यातली त्याची करामत अधिक सूक्ष्म आहे. पॅडमधला ढोलकीचा आवाज कुणीतरी एकदा वाजवलेला, साठवलेला असतो. खरी ढोलकी दोनदा सारखी वाजत नाही, पॅड शंभरदा सारखा वाजतो. लावणीचा उठाव आला आणि एकाच चौकोनावर जलद काठ्या पडल्या की कान लगेच कंटाळतात, कारण काय हे सांगता आले नाही तरी. जाणता वादक दोन शेजारच्या चौकोनांवर तोच आवाज लावून ठेवतो, एक केसभर चढा, एक केसभर उतरता, आणि दोन्ही काठ्या आलटून-पालटून टाकतो. लगतचे दोन बोल मग एकसारखे राहत नाहीत. यंत्राच्या आत्यंतिक अचूकपणावर शोधलेला हा उतारा शाळेत शिकवला जात नाही. तो पाहून उचलायचा असतो, म्हणून तर ऑर्गनच्या बाजूला बसायचे.

आणि त्याच्या शेजारी तबला. डिसेंबरात रात्री एकनंतर दव पडते. गोंदिया हा तळ्यांचा जिल्हा, नवेगावबांधच्या अंगाला तर हवा पार ओली होते. ओल लागली की दायांचे कातडे ढिले पडते आणि सूर उतरतो. कीबोर्ड उतरत नाही, ऑक्टोपॅड उतरत नाही. पूर्वी सगळेच थोडेथोडे उतरत आणि गाणारा सगळ्यांना सांभाळून घेई. आता दोन यंत्रांमध्ये बसलेला एकटा तबलजी रात्रभर आपला सूर वर ओढत असतो. संवाद चालू असताना हातोडीचे हलके ठोके गजऱ्यावर पडतात, कान पुडीला लागलेला असतो, आणि समोरचा नट ज्या क्षणी मोठ्याने बोलतो त्याच क्षणी ठोका पडतो, म्हणजे तो ऐकू जात नाही. दंडार या इथल्या लोकनाट्यातले डफवाले याच कामासाठी शेकोटी पेटवून बसतात. तंत्रज्ञानाने वादकाचे काम हलके केले असे म्हणणाऱ्याने या तबलजीला एकदा दोनच्या सुमाराला पाहावे. मला रात्रभरात त्याच्याइतके कुणाचे कौतुक वाटत नाही.

मग चाल. दंडार, खडी गंमत, कलगी-तुऱ्याचे सवाल-जवाब, या सगळ्यांत गाणे जुन्या चालीवर बांधण्याची रीत आहे. शाहिरांच्या छोट्या छापील पुस्तिकांत गाण्याच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून दुसऱ्या गाण्याचे नाव असते. सिनेमा आल्यावर तिथे सिनेमाच्या गाण्यांची नावे आली. हे उसनवारीचे काम आहे असे समजून पुढे गेलो तर त्यातली मजा निसटते. ऐकणाऱ्याला चाल आधीच पाठ असते. तिच्याबरोबर मूळ गाण्यातला बाग, पाऊस, नायक-नायिका त्याच्या डोळ्यांपुढे येतात, आणि नेमके त्याच वेळी शब्द येतात धानाच्या पडलेल्या भावाचे किंवा दारूत बुडालेल्या नवऱ्याचे. दोन चित्रे एकावर एक पडतात. कसबी गीतकार पहिल्या ओळीत मूळ शब्दांच्या अगदी जवळून जातो, हसू येऊ देतो, आणि अंतऱ्यात चाल जिथे वर चढते तिथे मूळ गाण्यातल्या आनंदाच्या जागी वर्मी लागणारा शब्द ठेवतो. लांब स्वराला लांब अक्षर, तुटक स्वराला तुटक. एकही शब्द मधोमध मोडत नाही. हसणाऱ्या मंडपाला दोन ओळींत गप्प करण्याची ही ताकद निम्मी चालीची आणि निम्मी गीतकाराची.

इंटरनेटने सर्वांत खोल बोट घातले आहे ते इथे. यूट्यूबने २००७ साली ‘कंटेंट आयडी’ नावाची व्यवस्था आणली. अपलोड झालेला आवाज कंपन्यांनी दिलेल्या नमुन्यांशी यंत्र पडताळून पाहते. जुळला तर जाहिरातीचे पैसे मूळ मालकाकडे वळतात, किंवा व्हिडिओ अडवला जातो. मंडपात टाळी घेणारे गाणे फोनवर चढवले की चोर ठरू शकते. कायद्याच्या बाजूनेही बोलले पाहिजे. मूळ संगीतकाराला आणि गीतकाराला हक्काचा वाटा मिळावा म्हणूनच २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली, आणि ती फार आधी व्हायला हवी होती. पण यंत्राला चोरी आणि विडंबन यांतला फरक कळत नाही, आणि दोन चित्रे एकावर एक पडलेली तर त्याला दिसतच नाहीत. म्हणून फोनवरच्या गाण्याला स्वतःची नवी चाल लागते आणि मंडपातले गाणे जुन्या चालीवर खुशाल राहते. एकच गीतकार हे दोन्ही हातांनी लिहू लागला की त्याच्या मंडपातल्या गाण्यात चाल मोडण्याचे धाडस वाढते, असे माझ्या कानाला वाटते. दुसऱ्या अंतऱ्यात तो उसनी चाल सोडून देतो, स्वतःच्या वाटेने चार ओळी जातो आणि मुखड्याला परत मूळ चालीच्या घरी येतो.

पैशांबद्दल थोडक्यात. १९९९ साली नॅपस्टर आले, गाणी फुकट वाहू लागली, जगभरच्या रेकॉर्ड कंपन्यांची विक्री कोसळली आणि मोठमोठे गायक कमाईसाठी पुन्हा मंचावर उभे राहिले. झाडीपट्टीचा कलावंत मंचावरून कधी उतरलाच नव्हता. त्याची मिळकत रात्रीच्या करारावर; तबकडी, कॅसेट, सीडी यांनी त्याला फारसे काही दिले नव्हते, त्यामुळे इंटरनेटला त्याच्याकडून हिसकावण्यासारखे फारसे काही नव्हते. इंटरनेटने बदलला तो ऐकणाऱ्याचा कान.

तालुक्याच्या गावी मोबाइलच्या दुकानात लॅपटॉपवरून मेमरी कार्ड भरून मिळायचे, तेव्हा हा बदल सुरू झाला. ५ सप्टेंबर २०१६ला जिओ आले आणि कार्डही मागे पडले. आज मंडपात बसलेल्या पोराने ज्या गाण्याची चाल ऐकायची ते मूळ गाणे दुपारीच कानात बोंडे घालून ऐकलेले असते, खर्जासकट, पन्नास व्हायोलिनांसकट. त्याच्यापुढे तीन वादक. या कानाशी आवाजाच्या जोरावर झुंजणारी मंडळी हरतात, स्पीकर वाढवत जातात आणि शेवटी शब्दही गमावतात. चांगली मंडळी उलटे करतात. शेवटच्या ओळीच्या आधी ऑर्गनवाला हात उचलतो, ऑक्टोपॅड थांबतो, तबला एका बोलावर तुटतो, नटीही थांबते. मूळ ओळ कुणाला येत नाही? सगळ्यांना येते, दुपारीच ऐकलेली असते. बांधीभर पसरलेले लोक ती पुरी करतात. मूळ गाणे कितीही महागड्या स्टुडिओत झालेले असो, त्यात ही जागा नाही.

सालेकसा तालुक्यात कचारगडला गेले की याच गोष्टीचे दुसरे टोक दिसते. गोंडी परंपरा सांगते की काली कंकालीची ३३ मुले तिथल्या गुहेत कोंडली गेली, दाराशी प्रचंड शिळा होती. पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांनी त्यांना सोडवायचे ठरवले. हिरासुका पाटालीर या वादकाने किंगरी छेडली, त्या सुरांनी मुलांच्या अंगात बळ आले, शिळा सरकली आणि हिरासुका तिच्याखाली गेला. तपशील सांगणाऱ्यागणिक बदलतो, किंगरी बदलत नाही. माघ पौर्णिमेला इथे यात्रा भरते, अनेक राज्यांतून गोंड समाज येतो, आणि पिवळ्या झेंड्यांच्या बाजारात गोंडी गाणी वाजत असतात. त्यांतली पुष्कळ आता यूट्यूबवर आहेत, तिथे ती निवांत ऐकता येतात.

ऐकावा तो रेला. नाचणाऱ्यांचे दोन गट, एकाने ओळ टाकायची, दुसऱ्याने उचलायची. नीट ऐकले तर दुसरा गट पहिल्याची ओळ संपण्याची वाट पाहत नाही. शेवटचे अक्षर लांबत असतानाच त्याचे पहिले अक्षर येऊन त्यावर पडते. त्या एका क्षणात दोन्ही गटांचे आवाज एकत्र असतात आणि नाचाचे पाऊल तिथेच पडते. संगणकावर गाणे जोडताना हाच क्षण आधी मरतो. पडद्यावर सारख्या रुंदीचे चौकोन असतात, एक ओळ एका चौकोनात, दुसरी पुढच्यात, आणि मध्ये स्वच्छ भेग. कान तयार असलेला रेकॉर्डिस्ट दुसरी ओळ उचलून थोडी अलीकडे सरकवतो. तेवढ्याने गाण्याला पाय फुटतात.

दुसरी गोष्ट स्वरांची. रेल्यातल्या बायकांचा आवाज चार-पाच स्वरांत फिरतो आणि त्यांतला एखादा पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मधोमध असतो. ऑटो-ट्यून हे सॉफ्टवेअर १९९७ साली अँडी हिल्डेब्रँड यांनी बाजारात आणले. त्याआधी ते जमिनीत लहरी सोडून खाली तेल कुठे आहे ते शोधण्याचे गणित करत. लहरी ओळखण्याची तीच विद्या त्यांनी गळ्याला लावली. हे सॉफ्टवेअर मधला स्वर सापडला की त्याला जवळच्या पट्टीवर ओढते. गोंडी डीजे गाण्यांत ते कधी मुद्दाम, चमकदार लावलेले असते, तिथे माझी तक्रार नाही. खाली ठेका इलेक्ट्रॉनिक असेल तर वर गळाही धातूचा शोभतो. पण काही गाण्यांत मुख्य गायिकेचा आवाज असा घासून सरळ केलेला आणि मागे उत्तर देणाऱ्या बायकांचा तसाच सोडलेला असतो. ओळ पुढून सरळ येते आणि मागून वाकडी होऊन परतते. हे ठरवून केले असेल किंवा घाईत राहून गेले असेल, ऐकायला मोठे बहारदार लागते.

याच्या अगदी उलट चव हवी असेल तर सीजीनेट स्वरा. शुभ्रांशू चौधरी यांनी २०१०मध्ये शेजारच्या छत्तीसगडात सुरू केलेली ही फोनवरची व्यवस्था. मिस्ड कॉल द्यायचा, पलीकडून फोन आला की बोलायचे. लोकांनी हातपंपाच्या आणि रखडलेल्या मजुरीच्या तक्रारी सांगितल्या आणि गाणीही म्हटली, गोंडीतही. साध्या फोनवरून ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज जातो. ढोल वाजवला तर त्याचा गाभा पलीकडे पोचतच नाही, कातड्यावर पडणारा नुसता हात पोचतो. स्त्रीच्या गळ्याचा मधला भाग मात्र या चिंचोळ्या वाटेतून अख्खा येतो, श्वास घेतल्याचा आवाज आणि कडेवरच्या मुलासकट.

राहिला शेवट. नाचातल्या रेल्याला ठरलेला शेवट नसतो, पाय थकले की तो थांबतो. फाइलला मात्र शेवट द्यावा लागतो. बरेच जण आवाज हळूहळू बारीक करत नेतात. सिनेमातून आलेली ही सवय मला इथे पटत नाही. त्याने नाचणारे दूर निघून गेल्यासारखे वाटते, आणि ते तर कुठेच गेलेले नसतात. मला आवडतात ती गाणी अर्ध्या फेरीत कचकन तुटतात. एका गटाने ओळ टाकलेली, दुसऱ्याचे पहिले अक्षर त्यावर येऊन पडलेले, आणि बंद. ऑटोप्ले चालू असेल तर दुसरी ओळ कुणी उचलली हे कळायच्या आत पुढच्या गाण्याची जाहिरात सुरू होते.